दहा तासांची कॅन

नंदुरबारहून सकाळच्या पॅसेंजरने तपासणीसाठी भावाकडे निघाले, तेव्हा यजमान फलाटावर एवढंच म्हणाले, की तपासणीत काही निघालं नाही तर शाळेतल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा. वर्षभरात माझं वजन झरझर उतरलं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि सासरच्यांनी त्याचं खापर नोकरीवर फोडलं होतं; दुखणं पोटाचं आहे, हे माझं कुणी ऐकत नव्हतं. मी हो म्हणाले. मनात म्हटलं, बघूच.

चलथाणला साखर कारखान्याचा वास डब्यात शिरला आणि मी पदर नाकाला लावला. नवागाम या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत भावाची एकच खोली. भिंतीपलीकडे दिवसभर लूमचा खडखडाट.

डॉक्टरांना संशय स्वादुपिंडाचा. ते काम करतं का हे पाहायला नळी नको, सुई नको. लोणी-पावाच्या न्याहारीबरोबर कॅप्सूल गिळायची आणि दहा तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची. स्वादुपिंड धड असेल तर औषधातला रंग तिच्यात भरपूर उतरतो. दोन दिवसांनी तुलनेसाठी दुसरी कॅप्सूल, नुसत्या रंगाची, जो स्वादुपिंडाशिवायही उतरतो. गुजराती लॅबवाल्याने बजावलं, "बेन, एक टीपुंय ओछुं नै चाले (एक थेंबही कमी चालणार नाही)."

चाळीचा संडास सामाईक. कॅन घेऊन मी रांगेत उभी राहिले. यात काय, असं एकीने विचारलं, तर सरळ सांगून टाकलं. लाजून माझं भागणार नव्हतं.

दुपारी डोळा लागला. उठून पाहते तर कॅन घासूनपुसून उन्हात पालथी घातलेली. मी कपाळावर हात मारला. वहिनी रडवेली झाली. "माले काय माहीत, ताई? आजारी मानूसनं भांडं भरेल (भरलेलं) ठेवतस का?"

तिने मायेनेच केलं होतं. तिच्यावर काय रागावणार?

संध्याकाळी भाऊ कामाला होता त्या कारखान्यात माझ्यासाठी यजमानांचा फोन आला. तपासणी फसली हे ऐकून ते म्हणाले, पुरे झालं, परत ये. मी म्हटलं, "निकाल हातात पडल्याशिवाय येणार नाही."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन्ही दिवस वहिनी कॅनपाशी ठाण मांडून बसली. भावालाही फिरकू दिलं नाही. निकाल आला: पहिल्या कॅनमध्ये रंग जेमतेम, दुसऱ्या कॅनमध्ये भरपूर. स्वादुपिंड कमी पडत होतं. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक गोळ्या लिहून मिळाल्या. आजार निघाला म्हणून मी दवाखान्यातच हसले. लोकांना वेडी वाटले असेन, वाटू दे.

परतल्यावर फलाटावरच कागद यजमानांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खरंच होतं."

मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. माझ्या पोटाबद्दल माझा शब्द पुरला नाही, कॅनचा पुरला. पिशवी उचलून मी तशीच शाळेत गेले.