लाल-काळ्या कॅप्सूल आणि पंचवीस किलोमीटर

वनरक्षकाच्या भरतीत तेव्हा चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायला लागायचं. मला काय त्याचं! अहेरीच्या बाजाराला मी एसटीच्या आधी पोचतो, असं मी गावभर सांगूनच ठेवलं होतं.

चालण्याला दहा दिवस उरले आणि मला दोन शिंका आल्या. आमच्या घरी बिस्किटांचा एक डबा होता. कोणाचा ताप उतरला की उरलेल्या गोळ्या त्यात जायच्या. एखादी म्हशीचीही असेल. त्यातल्या लाल-काळ्या कॅप्सूल सगळ्यात जोरदार, हे घरात सर्वमान्य. ऐनवेळी ताप नको म्हणून मी चार दिवस त्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या.

शिंका गेल्या. पण पाचव्या दिवसापासून माझं चालणं घर ते नाला एवढंच उरलं. त्या वाटेवर अजून गवत उगवत नाही. धाकटी बहीण ओट्यावरून ओरडायची, "दादा, झाले का रे पंचवीस?"

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी डबा पाहून कपाळावर हात मारला. "पोटात कोट्यवधी जिवाणू राहतात. अन्न पचवायला हातभार लावतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. तू त्यांनाच मारलंस."

"सारेच मेले का, मॅडम?"

"सारे नाही. वाढतील परत, पण तुझ्या भरतीची तारीख बघून नाही."

त्यांनी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं दिली आणि डबा ठेवून घेतला. माय सगळं ऐकत होती. "मंग उरल्यासुरल्याईले जेवाले घाला लागते," ती म्हणाली, आणि आंबवलेली आंबील चालेल का, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "द्या, पचेल. पण जादू समजू नका."

पाच दिवस मी आंबील आणि मऊ भात खाल्ला. पोट बरंचसं थांबलं, पुरतं नाही.

चालण्याच्या दिवशी अठराव्या किलोमीटरला आत गुरगुर सुरू झाली. मी पोटावर हात ठेवला. "थांबा रे भाऊ हो, नोकरी तुमचीबी आहे!"

चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा तीन मिनिटं शिल्लक होती. मी तसाच पुढे सागाच्या झाडांकडे सुटलो.

"अरे, रेघ इथी आहे! कुठी चालला?" भरतीचे साहेब ओरडले. मग शेजारच्याला म्हणाले, "पाहा, पोराचा दम काही संपत नाई."

वर्दी मिळाल्यापासून मीही हेच सांगत आलोय.