मूळपुरुषाचा राग

आमच्या घराण्यात जमीन फारशी उरली नाही, पण राग भरपूर उरला. लग्नकार्यात चारचौघं जमली की कोणाचा राग किती मोठा याच्याच गप्पा रंगत. कोणी वाढलेलं ताट भिंतीवर भिरकावलं, कोणी बायकोला विहिरीपर्यंत फरफटत नेलं, आणि सांगणारा वर समाधानानं म्हणे की रक्त मूळपुरुषाचंच आहे, जाईल कुठे. माझाही एक किस्सा त्यात असे. सातवीत बीजगणितात नापास झालो तेव्हा बाबांच्या थपडेनं माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तो कान अजून अर्धाच चालतो. बाबा हे स्वतः रंगवून सांगत आणि मीही सगळ्यांबरोबर हसत असे. पुढे मी इंजिनिअर झालो, सिंगापूरला बँकेत लागलो, तेव्हा ती थप्पड सत्कारणी लागली असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं.

इथे तर सोय आणखीच बरी निघाली. बेडोकच्या मार्केटमधल्या एका दुकानाच्या दारात, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी, मुलांना मारायच्या वेताच्या छड्या टांगलेल्या असत, रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीच्या. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा मी त्यातली लाल मुठीची आणली. दुकानदारानं दोन-तीन वाकवून बघितल्या आणि त्यातली चिवट ती काढून दिली. आम्ही दोघंही बापमाणसं होतो, जास्त बोलावं लागलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यापासून त्यांनी घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं होतं. पहिली आवृत्ती त्यांच्या चुलत्यांनी काढली होती. तिच्यात मूळपुरुषाचं वर्णन 'करारी, तापट, परंतु न्यायी' असं होतं आणि त्याच्या घरी 'नोकरचाकरांचा राबता होता' असंही. दुसऱ्या आवृत्तीसाठी पुण्याच्या भावकीतल्या एकाला जुन्या पेटीत खुद्द मूळपुरुषाचं मृत्युपत्र सापडलं होतं. इंग्रजांचा अंमल नुकता कुठे बसत होता त्या काळातलं, मोडीतलं. बाबा निवृत्तीनंतर खास मोडी शिकले होते. दर रविवारी दुपारी ते लॅपटॉपवर फोटो मोठे करून वाचत आणि मी टाइप करत असे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगा गणिताची गाइडं सोडवत बसे. पुढच्या वर्षी त्याची सहावीची मोठी परीक्षा होती, इथे पुढची शाळा तिच्यावरच ठरते. बायको नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या बहुतेक रविवारी ड्यूट्या असत.

त्या रविवारी आम्ही वाटणीच्या कलमांपर्यंत आलो. थोरल्याला अमुक शेत, धाकट्याला तमुक. एक बैलजोडी. मग बाबांनी त्याच सुरात पुढचं वाचलं.

"कुणबीण एक, वय अदमासे तीस. पळोन गेली होती, धरोन आणिली, पायास डाग दिला. पाय ओढिते, परंतु दळणकांडणास बरी. थोरल्यास द्यावी. तिचा पोर एक, वय नऊ. उलटोन बोलत असे. दोन रोज खांबास बांधोन मारिला. तेव्हापासोन बोलत नाही. कामास चांगला. धाकट्यास द्यावा."

त्यापुढे तांब्याची घंगाळं होती. बाबा घंगाळांवर जाऊन पोचले तरी माझी बोटं थांबलेलीच होती. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई, हे मला माहीत नव्हतं. बाबांना चांगलंच माहीत होतं. ते म्हणाले, या ओळी छापायचं कारण नाही, तिथे 'नोकरचाकर' असं घाल. मी घातलं. काही अडलं नाही, वाक्य छान बसलं.

पण मृत्युपत्र अजून संपलं नव्हतं. शेवटाकडे लिहिलं होतं की धाकट्याची बायको वारली, त्यास मूल नाही, आणि तो दुसरं लग्न करत नाही म्हणून तो कुणबिणीचा पोर त्याच्या सोबतीस राहील. पोर आपल्याच रक्ताचा आहे, परंतु त्यास हिस्सा नाही, असंही होतं. बाबा वाचता वाचता थांबले. आमची शाखा धाकट्याची. वंशावळीत धाकट्याच्या नावाखाली एक मुलगा आहे आणि त्याच मुलापासून पुढे आम्ही सगळे. या मृत्युपत्रानंतर सात वर्षांनी झालेल्या एका खरेदीखतावर त्या मुलाची साक्ष आहे, हे बाबांना पाठ होतं. ते मोठ्यानं हिशेब करू लागले, नऊ आणि सात सोळा. सात वर्षांच्या आतलं पोर साक्षीला कोणी घेत नाही, सोळा वर्षांचं घेतात. शिवाय खतावर धाकट्याची स्वतःची सही होती आणि मुलाची निशाणी होती, नांगर. लिहित्या घरातल्या त्या मुलाला सही येत नव्हती, याचं कारण पहिल्या आवृत्तीत कोणी विचारलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "हे आपलं नव्हे. भलत्याच कोणाचं असेल."

मुलगा इतका वेळ कान देऊन ऐकत होता. मराठी त्याला सगळं समजतं, बोलतो मात्र आपल्या तऱ्हेनं, इंग्रजी मिसळून आणि इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून. तो मान वर करून म्हणाला, "आजोबा, दॅट मीन्स आपण त्या बॉयचे, लाह. बॉसचे नाही."

बाबांनी त्याला दटावलं. तो म्हणाला, "बट तिथे लिहिलंय ना." खोडसाळपणा नव्हता त्यात, गणित सुटल्याचा आनंद होता. बाबा त्याच्याकडे बघेनात. ते माझ्याकडे बघू लागले, हीच का तुझी शिकवण, असं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही मला त्या नजरेची भीती वाटली आणि त्या भीतीचा राग झाला. दोन रोज खांबाला बांधून मारलेल्या पोराचं ऐकून तासही झाला नव्हता. मी उठून छडी घेतली.

त्याआधी मी हातावर मारत असे, दोन, फार तर तीन. त्या दिवशी मी त्याच्या मानगुटीला धरून त्याला भिंतीशी दाबला आणि पोटऱ्यांवर, मांड्यांवर मारत सुटलो. वेत हवेत सूं करतो आणि मग कातडीवर ओला आवाज येतो. पहिल्या काही फटक्यांना तो ओरडला, सॉरी पप्पा, सॉरी पप्पा म्हणाला. मग ओरडायचा थांबला. तो थांबला म्हणून मी आणखी मारलं, कारण मला वाटलं हा मला जुमानत नाही. छडीचं टोक चिरलं आणि पोटरीवर रक्ताची रेघ उमटली. बाबा खुर्चीत बसून होते. त्यांनी अडवलं नाही. मला मारताना बरं वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधली चिनी आजी होती. तिची माझी ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरती. तिनं माझ्या हातातली छडी पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "इनफ ऑलरेडी." मी माफी मागून दार लावलं. माफी तिची मागितली.

संध्याकाळी बायको आली. तिनं मुलाचे पाय पाहिले, जखमा धुतल्या, मलम लावलं. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "पुन्हा हात लावलास तर मी त्याला घेऊन जाईन. कुठे, ते विचारू नकोस." बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. एरवी ती त्यांच्यासमोर मला अरेतुरे करत नसे.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा माझ्याशी बोलायचा बंद झाला. आईशी बोले, आजोबांना हो-नाही करी, माझ्याशी काही नाही. विचारलं तर मान हलवी. गृहपाठ वेळेवर, दप्तर जागेवर, पीईचे, म्हणजे खेळाच्या तासाचे, बूट पुसलेले, ताट धुऊन ठेवलेलं. आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात मी मीटिंगा करत असे आणि डोक्यात एवढंच, की आज घरी गेल्यावर तो एक शब्द तरी बोलेल का. बाबांना मात्र फरक आवडला. ते म्हणाले, पोरगा ताळ्यावर आला, तूही असाच महिनाभर गप्प होतास, मग सुधारलास की नाही. मी सुधारलो नव्हतो. मी फक्त त्यांना काही सांगायचं सोडून दिलं होतं, आणि ते त्यांना तीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी फाइल उघडली आणि 'नोकरचाकर' खोडून दोन्ही कलमं जशीच्या तशी घातली, रक्ताचं आणि हिश्श्याचं कलमही घातलं, आणि पुण्याला पाठवून दिलं. मग बाबांना सांगितलं. त्यांचा आवाज चढला. घराण्याची अब्रू, त्यांची चार वर्षांची मेहनत, उद्या नातवाचं लग्न, सगळं काढलं. मी म्हणालो, "बाबा, माझा कान तुम्ही फोडलात. तो किस्सा नव्हता. मला दुखत होतं."

ते म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं." आणि मग, "माझ्या वडिलांनी तर मला उलटा टांगला होता." हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. लग्नातल्या गप्पांत हा किस्सा नसे. ते उठून आत गेले आणि परतीचं तिकीट अलीकडचं करून मागितलं.

बाबा परत गेले त्या दिवशी संध्याकाळी मी मुलाची माफी मागायचं ठरवलं. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, त्याला कळेल अशी अर्धी इंग्रजीत. तो टेबलाशी गणितं करत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि घसा साफ केला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, त्याची घडी केली आणि फुटणार नाही असा टेबलावर लांब सरकवला. मग खुर्ची मागे घेऊन उठला, माझ्याकडे पाठ करून भिंतीला दोन्ही हात टेकवून उभा राहिला, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"लेग्जवर नको, पप्पा. उद्या पीई आहे."