अझेलियाला घेऊन येतोय

चहा घ्या, पण घोट जरा जपून घ्या. मधेच हसू आलं तर धोतरावर सांडेल. घरी सांगावा कसा धाडू नये हे कुणाला शिकायचं असेल, तर या पंचक्रोशीत माझ्यासारखा जाणकार दुसरा मिळायचा नाही.

लढाई संपली त्या सालची गोष्ट. ब्रह्मदेशाच्या जंगलात हिवतापानं मला असं धरलं, की पलटणीनं उचलून शिलाँगच्या लष्करी इस्पितळात नेऊन टाकलं. तिथली मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य, माझ्या आईच्या वयाची गोरी बाई. वॉर्डाच्या उत्तरेला तिनं कुंड्यांची रांग मांडलेली होती. झाडं जेमतेम गुडघ्याएवढी, पानं बारीक आणि बारा महिने हिरवी, पण बहर आला की पान शोधावं लागेल इतकी गुलाबी फुलं. त्या झाडाचं नाव अझेलिया. मी उठून चालायला लागलो, तशी बाईनं मला त्या कुंड्यांच्या कामाला लावलं. ताप उतरला, पण अझेलिया काही डोक्यातून उतरेना. शेवटी बाईनंच दोन रोपं मला देऊ केली आणि ती कशी जगवायची, हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं.

आता इथं राऊ येतो. राऊ आमच्याच आळीतला, पण दुसऱ्या पलटणीत. श्रावणात तो सुट्टीवर गावी निघाला, तेव्हा वाटेत मला बघायला आला. त्याची मोटार सुटायला आलेली. मी खिडकीला धरून घाईघाईनं सांगावा दिला. काय दिला ते नीट ऐका.

"आईला सांग, येताना मी अझेलियाला घेऊन येतोय. लय नाजूक हाय. दुपारचं ऊन तिला सोसायचं न्हाई, तवा उत्तरेच्या पडवीत जागा करा. आपल्या हिरीचं पाणी तिला बाधंल, पावसाचं धरून ठेवा. चुना तिच्या आसपास बी नको. आन् तिची मुळं काय खोल नसत्यात, उगं खणत बसू नका म्हणावं."

"दिसाया कशी हाय?" राऊनं विचारलं.

"बारा महिने हिरवीगार. फुलली की गुलाबी."

यात 'झाड' हा शब्द कुठं आला का, सांगा बरं. इस्पितळात अझेलिया म्हटलं की झाडलोट करणाऱ्यालाही कळायचं. राऊला कळणार नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्यानं माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाला, "गड्या, लय धाडसाचं काम केलंस." मला वाटलं, एवढ्या लांबून कुंड्या न्यायच्या म्हणजे धाडसच की!

नवरात्राच्या सुमाराला मी रहिमतपूर स्टेशनात उतरलो. सगळ्या वाटेनं दोन्ही कुंड्या मांडीवर. माझ्या वाटणीचं पिण्याचं पाणीसुद्धा मी त्यांना पाजलेलं. बघतो तर आबा कोरा पटका बांधून उभे, शेजारी नानाचुलते. मागं आमची बैलगाडी, तिला छप्पर घातलेलं आणि चारी बाजूंनी पडदे लावलेले. घरात कुणी आजारी आहे की काय, अशी मला धास्ती वाटली. पाया पडलो. आबांचा चेहरा दगडासारखा. ते माझ्या खांद्यावरून डब्यात डोकावत होते.

"कुठाय?" आबांनी विचारलं.

"कोण?"

"अझेलिया."

मी मोठ्या अभिमानानं कुंड्या वर उचलल्या. "ही काय, ही एक. आन् ही दुसरी."

नानांना नीट दिसत नसे. ते मटकन फलाटावरच बसले. "दोन आणल्यास?"

पुढं गाडीत नानांनीच सगळं सांगितलं. राऊनं माझा सांगावा शब्दाचाही फरक न करता पोचवला होता. गावानं त्याचा अर्थ लावला होता. ऊन सोसत नाही म्हणजे गोरी मडम. फुलली की गुलाबी, म्हणजे मडमच. बारा महिने हिरवीगार म्हणजे हिरव्या लुगड्याची आवड असावी. आणि मुळं खोल नाहीत, हे ऐकून नाना म्हणाले होते की घराणं काही मोठं दिसत नाही, पण तेवढं खणत बसू नका, असं पोरगं स्वतःच सांगतंय, तर आपण विचारायचं नाही.

मला हसू येत होतं. घरी पोचलो आणि ते थांबलं.

दारात आई उभी होती. हातात ओवाळणीचं ताट, ताटात हिरवं लुगडं आणि हिरवा चुडा. दसरा तोंडावर आलेला, गावातली सगळी घरं पांढरीशुभ्र झालेली, पण आमच्या भिंतींना तिनं चुना लागू दिला नव्हता. स्वतःच्या पानाची चुन्याची डबीसुद्धा शेजारणीकडे नेऊन ठेवली होती. उत्तरेची पडवी सारवून, तट्ट्या लावून तिथं खोली केली होती. आणि घरातला एकूण एक रांजण, हंडा, घागर पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. वळचणीच्या धारेखाली भांडं धरून श्रावण-भादवाभर तिनं ते पाणी साठवलं होतं, न पाहिलेल्या सुनेसाठी. बायका टोचून बोलायच्या, तेव्हा ती म्हणायची, "माझं पोरगं जित्तं परत येतंय. संगं कुणाला बी आणू दे."

आबांनी तिला दोन शब्दांत सांगितलं. ती कुंड्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला आणि त्याच हातानं कुंड्यांवरूनही ओवाळला. त्यानंतर मात्र उंबऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून इतकी हसली, की रडते आहे की हसते आहे ते कळेना.

पण गोष्ट हसण्यावर संपली नव्हती. मी लढाईवर जाण्याआधी शेजारच्या गावच्या दौलतरावांच्या शालनशी माझं लग्न ठरलं होतं. मडमेची बातमी गेल्यावर आई स्वतः त्यांच्या दारात जाऊन हात जोडून माफी मागून आली होती. दौलतरावांनी सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाशी बोलणी लावली होती आणि आता होकार तेवढा द्यायचा राहिला होता.

दुसऱ्याच दिवशी मी एक कुंडी घेऊन गेलो. दौलतरावांनी मला ओसरीवर बसवलं, पण पाणी विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की झाड काय कुणीही दाखवील, मडम पुण्यात ठेवून आला नसशील कशावरून? दार लागायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात आतून शालन बापाशी बोलली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"दादा, ती कुंडी आपल्याकडं ऱ्हाऊ द्या. सांगाव्यात म्हटलंय तशी ती गुलाबी फुलली, तर मानसाचं खरं. न्हाई फुलली तर सांगलीला हो म्हणा."

झालं. माझं लग्न एका झाडाच्या कळीवर येऊन बसलं.

एक कुंडी तिच्याकडे, एक माझ्याकडे. मला वाटलं, तिची नाही फुलली तरी माझी फुलवून दाखवीन. इस्पितळात शिकून आलो होतो ना! शिवाय आम्ही शेतकरी. आमच्या काळ्या रानात काठी रोवली तरी पालवी फुटते, अशी आमची घमेंड. कुंडीतली ती लाल भुसभुशीत माती मला भिकार वाटली. मी वरून रानातली काळी माती भरली. नाना म्हणाले, थोडी राख टाक. टाकली. थंडीत झाड सुस्तावलं, तर खुरपं घेऊन मुळाशी चांगली खणणी केली. 'खणत बसू नका' हा माझाच सांगावा अख्ख्या तालुक्याला पाठ होता. विसरलो तो फक्त मी.

पौषात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या; काळ्या मातीत आणि राखेतही चुना असतो, हे मला फार मागाहून कळलं. माघात गळायला लागली. मी रोज कुंडीसमोर उकिडवा बसायचो. आबा येता-जाता बघायचे आणि निघून जायचे. आई दर बाजाराच्या दिवशी डोक्यावर एक घागर घेऊन कुठं तरी जायची. कुठं ते मी विचारलं नाही. मी माझ्या दुःखात होतो.

फाल्गुनात एका दुपारी आमच्या दारात बैलगाडी थांबली. दौलतराव उतरले, पण डोक्याला पटका नाही. पटका त्यांनी कुंडीवर सावलीसाठी धरला होता. पटका बाजूला केला आणि काय सांगू, पान दिसत नव्हतं. नुसती गुलाबी फुलं. शिलाँगची ती बाई असती तर तिनंही तोंडात बोट घातलं असतं.

शालननं काही वेगळं केलं नव्हतं. राऊचा सांगावा शब्दाला शब्द पाळला होता. उत्तरेची सावली, खणणी नाही, चुना नाही. आणि पाणी फक्त पावसाचं. ते कुठून आलं? आमच्या रांजणांतून. आईनं ते घागरीनं वाहून नेलं होतं.

"तुमची कुठाय?" दौलतरावांनी मला विचारलं.

मी पडवीकडे बोट दाखवलं. ते जवळ जाऊन वाकले, काडी चिमटीत धरून बघितली आणि आबांकडे वळून म्हणाले, "वैशाखातली तिथ बघू या. पोरगी आमची शहाणी हाय, भागंल."

ते गेल्यावर मी आईच्या पायाशी बसलो. आईचे, शालनचे आणि त्या परक्या बाईचे उपकार आजही माझ्यावर आहेत. तेव्हा मात्र मी एवढंच म्हणालो, "आई, मडम खरंच आली असती तर?"

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आली असती तर लय बरं झालं असतं, लेका. तिनं तुला नीट बोलाया तरी शिकवलं असतं."