चार चुका, चार फटके

क्लावदिया झिर्यानोवा आमच्या उरालमधल्या लाकूडतोड्यांच्या गावची. स्कीवर धावायचं, मग धापा टाकतच पाठीवरची रायफल काढून पाच निशाणं टिपायची, या खेळात ती देशात पहिली आली. ती शर्यत आमच्याच मैदानावर झाली. उतारावर ती तोंडावर आपटली, दोन दात पडले. रक्त थुंकत तिनं पाचही टिपली. मी निशाणं रंगवायचो. लाल झालेला बर्फ मीच फावड्यानं उचलला.

तिला घडवलं म्हाताऱ्या प्रशिक्षकानं, ग्लेब अर्खिपोविचनं. नेम चुकला की स्कीची काठी पाठीत. एकदा बोट मोडलं, तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

"मार खाल्ला म्हणून पदक मिळालं," ती सांगायची.

म्हातारा गेल्यावर प्रशिक्षक तीच झाली. मारणंही तसंच चालू राहिलं.

एका फेब्रुवारीत पंधरा वर्षांच्या रीम्माचे चार नेम चुकले. क्लावदियानं चार फटके घातले. चौथा कानावर बसला. कान फाटला, मफलर भिजला. मी पाहत उभा राहिलो.

तासाभरात रीम्माची आई न्यूरा लाकडाच्या वखारीतून आली, अंगभर भुसा तसाच.

"किती चुकले हिचे?"

"चार," क्लावदिया म्हणाली.

"मग मोज."

पहिल्या ठोशात नाक फुटलं. दुसरा पोटात बसला. तिसऱ्यानं ती गुडघ्यांवर आली.

"न्यूरा, पुरे कर," मी म्हणालो.

"तू मघाशी कुठं होतास रे?"

चौथ्याला क्लावदिया आडवी झाली. तिनं हात उचललाच नव्हता.

"काय गं, सुधारला का नेम?" न्यूरानं विचारलं आणि पोरीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी क्लावदिया सुजल्या तोंडानं मैदानावर आली. कानाला पट्टी बांधून रीम्माही आली, आईशी भांडून.

"मला एवढंच येतं, पोरी. दुसरं कुणी शिकवलंच नाही," क्लावदिया म्हणाली.

"मग आता शिका," रीम्मा म्हणाली.

पुढं नऊ वर्षं क्लावदियानं मुली घडवल्या. कुणाचा नेम चुकला की दोन्ही हात कोटात खुपसून ती पाइनच्या झाडांत निघून जायची, शांत झाली की परतायची. त्यांतल्या दोघी राष्ट्रीय संघात गेल्या. रीम्मा नाही गेली. ती परिचारिका झाली.

पावाच्या दुकानात क्लावदिया अजून न्यूराला नमस्कार करते. न्यूरा उत्तर देत नाही.