नीट सांगणाऱ्या आक्का

सटाण्याच्या आक्का आपल्या पायांबद्दल अशा बोलायच्या, जणू त्या घरातल्या दोन भांडकुदळ जावा आहेत. "उजवी आज शहाण्यासारखी वागतेय, डॉक्टर. डावी मात्र सकाळपासून रुसलीय. चालायला लागलं की मागून फरशी पुसत येते." डॉक्टर हसत हसत लिहून घ्यायचे. पाय ओढला जातो एवढं सांगून आक्कांचं समाधान होत नसे. उन्हातून आल्यावर जास्त की झोपून उठल्यावर, जिना चढताना की उतरताना, हे नेमकं सांगता आलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकच्या एका हॉस्पिटलात, सलाईनमधून औषध देतात त्या खोलीत. मला नुकतंच कळलं होतं की मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते, आणि ती कुठे कुरतडेल त्याप्रमाणे कधी डोळा अधू होतो, कधी हात, कधी पाय. माझा डावा डोळा धुरकटला होता. इंदिरानगरात घर, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवण्याची नोकरी, लग्नाला जेमतेम दोन वर्षं, आणि हे असं. डॉक्टरांनी विचारलं, "बाकी काही त्रास?" मी म्हटलं, "नाही, बाकी ठीक आहे."

शेजारच्या खुर्चीत सलाईन लावून बसलेली, ठसठशीत कुंकू लावलेली बाई एकदम म्हणाली, "डॉक्टर, हाई पोर खोटं बोली राहिनी."

मला इतका राग आला की मी दुसरीकडे तोंड फिरवलं. पण डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "आक्कांना कसं कळलं?" आक्का म्हणाल्या, "मघापासून ओढणीला बोटं घासतेय. कापड लागतंय की नाही ते बघतेय ती. मी पण तसंच करायचे." खरंच होतं ते. माझी बोटं कधीची बधिर झाली होती. डोळ्याच्या काळजीपुढे बोटांचं काय सांगायचं, असं मला वाटलं होतं.

आक्का सटाण्यात ब्लाऊज शिवायच्या. घरची शेती होती, दिरांचा कांद्याचा व्यापार होता, पण त्यांची ओळख शिवणकामाचीच. एके दिवशी सुई बोटात घुसली आणि कापडावर रक्ताचा डाग दिसेपर्यंत त्यांना कळलंच नाही. तिथून त्यांच्या दुखण्याचा शोध सुरू झाला. माझ्याशी त्या सरळ नाशिकची मराठी बोलायच्या, पण चिडल्या किंवा कळवळल्या की अहिराणी बाहेर पडायची. पुढे आमच्या तारखा जुळू लागल्या, मग आम्ही त्या मुद्दाम जुळवून घेऊ लागलो, आणि सलाईन संपेपर्यंतचे तास त्यांच्या गोष्टींत कसे जायचे ते समजायचं नाही.

त्यांचं एक म्हणणं मी पुष्कळदा ऐकलं. "फिटिंगला आलेली बाई आरशापुढे उभी राहते. मी विचारते, कुठे रुततंय का? ती म्हणते, नाही, छान आहे. घरी गेल्यावर हात वर होत नाही तिचा. मग ते ब्लाऊज पेटीत पडतं आणि नाव माझं खराब. अगं, रुततं तुला, मग मला कसं दिसणार?" एवढं बोलून त्या डॉक्टरांच्या खोलीकडे बोट दाखवायच्या. "त्यांचं पण तसंच. एमआरआयच्या मशिनीत मेंदूवरचा डाग दिसतो. डाग काय करतो, ते मालेच माहीत शे."

डाग काय करतो ते सांगायला त्यांना शब्द कमी पडत नसत. मान वाकवली की पाठीतून सळसळत जाणाऱ्या झटक्याला त्या "चालू मशिनीला ओला हात" म्हणायच्या. बरगड्यांभोवती आवळल्यासारखं व्हायचं, ते "दुसऱ्या बाईचं ब्लाऊज". आणि या आजारातला तो थकवा, जो घरच्यांना कधीच पटत नाही, कारण बाहेरून काही दिसत नाही, तो त्यांनी मला असा सांगितला होता: "भिजलेली गोधडी पांघरून स्वयंपाक करायचा." मी तो शब्द घरी जाऊन नवऱ्याला सांगितला. त्या संध्याकाळपासून तो भाजी निवडायला शेजारी बसू लागला.

आक्कांचंही चुकायचं. एकदा त्यांनी तळहातांची आग आग होतेय म्हणून सगळ्यांना कामाला लावलं. डॉक्टरांनी तपासलं, टाचणीने टोचून पाहिलं, आजाराचा नवीन अटॅक असेल का म्हणून काळजीत पडले. शेवटी सिस्टरने विचारलं, "आक्का, काल काय केलं होतं घरी?" आक्कांनी आठवलं आणि कपाळावर हात मारला. पुतणीच्या साखरपुड्यासाठी परातभर मिरच्यांचा ठेचा कुटला होता. खोलीतले सगळे हसले, सर्वांत मोठ्याने त्या स्वतः. "चुकलं तर चुकलं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही गाळून घ्या. पण मी सांगणार."

त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्याची गोष्ट मात्र हसण्याची नाही. निदानानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझे पाय अचानक गेले. अंगात कणकण होती आणि बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. नवरा बाहेरगावी होता, म्हणून सासरे मला रिक्षातून हॉस्पिटलात घेऊन आले. त्या दिवशी आक्कांचंही सलाईन होतं. डॉक्टरांना नवीन अटॅकची शंका आली. स्टेरॉइड सुरू करावं लागेल, कदाचित मूळ औषधही बदलावं लागेल, असं ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "लघवीचा काही त्रास?" सासरे शेजारी उभे होते. मी मान हलवून नाही म्हटलं.

नोकरी सोडायची असं मी तेव्हा मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. त्याचं कारण पाय हे नव्हतं, लघवीचा त्रास हे होतं. कॉलेजात तास चालू असताना मला मध्येच धावावं लागायचं, कधी धावूनही उशीर व्हायचा. मग मी पाणी पिणंच सोडलं होतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सिस्टरने दिलेला पाण्याचा ग्लास मी बाजूला सारला, ते आक्कांनी पाहिलं. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "भाऊ, खालून चहा आणता का जरा? आणि घाई करू नका." सासरे गेले. आक्का माझ्याकडे वळल्या. "पाणी का नाही पीत?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"मी सांगू माझं? सटाण्याहून येताना मी बस थांबवली होती. कंडक्टर म्हणाला, स्टँडवरच थांबेल. मी म्हटलं, मग बस तूच धू. थांबवली त्याने. सगळी बस बघत होती. बघेना का! लाज दोन मिनिटांची, पोरी. मूत्रपिंड आयुष्यभराचं." मग त्यांचा आवाज उतरला. "बोल ना व माय. डॉक्टरले कसं समजी?"

मी रडत रडत सगळं सांगितलं: धावणं, उशीर, आणि गेले तीन दिवस होणारी जळजळसुद्धा. आक्कांनी डॉक्टरांना परत बोलावलं, पण स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता माझा हात धरून ठेवला. मला माझ्या तोंडाने पुन्हा सांगावं लागलं. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा विचार थांबवला आणि आधी लघवी तपासायला पाठवली. जंतुसंसर्ग निघाला. "ताप आणि इन्फेक्शन असलं की जुनी दुखणी नव्यासारखी उसळतात," डॉक्टर म्हणाले. अँटिबायोटिक सुरू झालं आणि आठवड्याभरात माझे पाय परत आले. लघवीसाठीही गोळी मिळाली, व्यायाम मिळाले. राजीनामा मी कधी लिहिलाच नाही. आजही मी वर्गात उभी राहून शिकवते, आणि टेबलावर पाण्याची बाटली असते.

पुढे आक्कांचा आजार वाढला आणि त्याने नेमकी त्यांची जीभ धरली. शब्द जड, ओढलेले यायचे. त्यांच्याबरोबर सून यायची, रूपाली. शांत, कामसू मुलगी. सासूला त्रास नको म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नांना तीच उत्तरं देऊ लागली. "जेवण?" "नीट आहे." "झोप?" "चांगली लागते." एकदा असं चाललेलं असताना आक्कांनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. मी म्हटलं, "रूपाली, त्यांना बोलू दे." डॉक्टरांनीही पेन खाली ठेवलं. खूप वेळ गेला. मग एकेक शब्द सुटा होऊन आला: "पाणी... पिताना... घशात... चुकीच्या दाराने जातं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पाणी थोडं दाट करून द्यायला सांगितलं. त्यानंतर आक्का आणखी तीन वर्षं होत्या. त्या तीन वर्षांत पुतणीचं लग्न झालं, नातू चालायला लागला, आणि हे सगळं त्यांनी पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी आणि माझा नवरा सटाण्याला जाऊन आलो. माणसं भेटून गेल्यावर रूपाली मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिचे डोळे सुजले होते, पण बोलताना ती स्थिर होती.

"ताई, शेवटी शेवटी एक वाक्य बोलायला त्यांना फार वेळ लागायचा. मी बाकी कामं ठेवून बसायचे. कधी त्या डोळे मिटूनच सांगायच्या, कधी अर्ध्यात झोपून जायच्या. उठल्या की तिथूनच पुढे. त्या गेल्या त्या सकाळी मी विचारलं, आई, कुठे दुखतंय? तर म्हणाल्या, आज काहीच दुखत नही."



"दुसरं कोणी म्हटलं असतं तर मला वाटलं असतं, माझं मन राखायला म्हणताहेत," रूपाली म्हणाली. "पण आईंनी म्हटलं ना ताई. म्हणजे खरंच दुखत नव्हतं."