मामाजींचं ‘आपण’

माणसानं तोंड उघडलं की त्याचं गाव सांगणारा माझ्या मामाजींसारखा दुसरा कंडक्टर अख्ख्या महाराष्ट्रात झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जन्मभर गोंदिया ते सडक अर्जुनी लाल गाडीवर, त्यामुळं चेहऱ्यांकडं बघायची सवयच गेलेली. एकदा मागून कोणीतरी “सरका ना जी” म्हणालं, तर मामाजी वळूनही न बघता म्हणाले, “नागऱ्याचा हाये. महादेवाहून आला, हातात नारळ असंल.” हातात फुलकोबी निघाली, पण गाव नागराच!

मला कथा लिहायचा नाद. कुडव्याला त्यांच्या ओट्यावर बसून मी वाचायचो आणि वर्णन आलं की हा भला माणूस खुशाल कान झाकून घ्यायचा. मी एका धाब्यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं. ते म्हणाले, “येवढं कायले लिहून रायला बे? ड्रायव्हरले बोलू दे ना. ‘खाट खाली कर बे, मले रायपूर गाठाचं हाये!’ झाला धाबा. सडक आली, ट्रक आला, त्याचा सभावबी आला.” मी पान फाडलं. काय करणार, खरंच होतं ते.

मग मी त्यांच्यावरच कथा लिहिली. एक म्हातारी गाडीत रडत होती, तेव्हा त्यांनी घंटी मारून गाडी थांबवली होती आणि तिच्या शेजारी बसून विचारलं होतं, “काऊन रडून रायली वं माय? मी हावो ना.” पुण्याच्या संपादकांनी कळवलं, वाचकांना हे समजणार नाही. दिवाळी अंकात नाव यायच्या हावेपायी मी ते वाक्य बदलायला होकार दिला. छापून आलं, “आजी, आपण का रडता आहात? मी आहे ना.”

मामाजींनी अंक वाचला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “आपण चहा घेणार का?”

त्या दिवसापासून शिक्षा सुरू झाली. बाकी जगाशी झाडीबोली, माझ्याशी फक्त छापील मराठी. “आपल्या उजव्या गालावर डास बसला आहे.” मामी पदर तोंडात कोंबून हसायची. मीही हसायचो, पण घरी येताना रडू यायचं. मला माझा मामा परत हवा होता, आणि तो मीच हरवला होता.

पाच-सहा वर्षांनी माझं पुस्तक निघालं. त्यात मी हट्टानं ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि कुडव्याला धावलो. मामाजी आजारानं खाटेला खिळलेले. “आपण वाचावे,” म्हणाले. वाचत गेलो. “काऊन रडून रायली वं माय” पाशी आलो आणि पानावर टपकन थेंब पडला.

त्यांनी उशीवरून मान वळवली. “आता तू काऊन रडून रायला बे? मी हावो ना.”

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. आजही कोणी मला ‘आपण’ म्हटलं की वाटतं, मामाजी पुन्हा रागावले. रागावलेले का होईना, असायला हवे होते.