अभिमन्यूला अटॅक आला होता

कौशल्यावहिनीला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माझी पिठाची गिरणी आहे. एकदा तिच्या डब्यात दुसऱ्या कुणाचं मूठभर पीठ जास्त गेलं, तर बाई दुपारच्या उन्हात ते परत घेऊन आली आणि वर मलाच झाडून गेली, की दळताना डोळे कुठं गहाण ठेवता. अशा बाईनं जन्मात एकच मोठं खोटं सांगितलं. ते सगळ्या गावाला सांगितलं, आणि आम्ही गाववाल्यांनी ते इतकं घट्ट धरून ठेवलं की पुढं तिलाच ते सोडवून घेता येईना.

पाटोद्याच्या अलीकडं डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. दिवाळीच्या तोंडावर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. वहिनीचा नवरा लवकर गेला. एकुलता एक अभिमन्यू तिनं फडातच लहानाचा मोठा केला. त्याचा जन्मही फडातल्या खोपीत झालेला. शेजारच्या वत्सलाबाईनं बाळंतपण केलं. वत्सलाबाई आणि तिचा मालक तानाजी यांना मूलबाळ नव्हतं. अभिमन्यू एका घरी जेवायचा आणि दुसऱ्या घरी झोपायचा, आणि मार मात्र दोन्हीकडं खायचा. पुढं त्याचं लग्न झालं, दीपाली घरात आली. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या दोघांचा कोयता आमच्या टोळीत सगळ्यांच्या पुढं असायचा. पोरगी हसरी आणि कामाला वाघीण. वहिनी फडावर जायची थांबली आणि दोन म्हशी घेऊन गावात सुखानं राहू लागली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. गावात पहिला सापडला बद्रीनाथ. आम्ही काय केलं ते सांगायला आज जीभ जड होते, पण सांगतो. त्याच्या बोळाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या लावल्या. त्याचं दूध डेअरीनं घेतलं नाही, ते त्यानं आठवडाभर उकिरड्यावर ओतलं. टोळीच्या मुकादमानं निरोप धाडला, की पुढच्या हंगामाला तुमचा कोयता नको. बद्रीनाथ बरा झाला, पण त्याच्या घरचं पाणी प्यायला लोक दिवाळीपर्यंत कचरत होते. हे सगळं वहिनीनं आपल्या ओट्यावरून पाहिलं होतं.

बद्रीनाथ सापडला त्याला पंधरवडा होत नाही तोच अभिमन्यूला ताप आला. तालुक्याला नेलं. तिथं एका मंगल कार्यालयात खाटा टाकून कुण्या डॉक्टरनं दवाखाना उघडला होता, त्यात त्याला जागा मिळाली. रिपोर्ट कोरोनाचा निघाला. वहिनी गावात परत आली आणि म्हणाली, "टायफॉईड हाय." आम्ही मान डोलावली. काही दिवसांनी, त्याला जरा बरं वाटतंय आणि खाट दुसऱ्याला पाहिजे, म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवलं. घरी आल्यावर दोन दिवसांत, पहाटे, तो गेला.

वहिनीनं हंबरडा फोडायच्या आधी दवाखान्याची फाईल चुलीत घातली. हे तिनंच नंतर सांगितलं. मग दार उघडून ती ओरडली, "आरं धावा, माझ्या लेकराला अटॅक आला!"

सगळे धावलो. आमच्याकडं मयताला अंघोळ जवळच्या माणसानं घालायची असते. अभिमन्यूला बाप नव्हता, म्हणून तानाजीनं घातली. ऊन पाण्यानं, तोंडावरून हात फिरवत, स्वतः रडत. वहिनी समोर भिंतीला टेकून बघत होती. दीपाली आत पडून होती. आम्हाला सांगितलं, दुःखानं अंथरूण धरलंय. खरं म्हणजे तापानं ती करपत होती. शेजारच्या गावचा एक डॉक्टर मोटारसायकलवर गुपचूप यायचा आणि इंजेक्शनं टोचून जायचा. पोरगी वाचली.

तानाजी वाचला नाही. अभिमन्यूचा दहावा झाला आणि लगेच तानाजीचा खांदा द्यायची पाळी आली. वय झालं होतं, पोराचं दुःख बसलं, असं आम्हीच म्हणालो. ग्रामपंचायतीच्या वहीत अभिमन्यूपुढं अटॅक लागला आणि तानाजीपुढं ताप. दोघी विधवा सासूसुना आणि तिसरी वत्सलाबाई, तिघींची चूल त्या पावसाळ्यात एकच होती.

हंगाम आला. घरात कर्ता उरला नाही तर कोयता मोडतो. वहिनीनं सुनेबरोबर कंबर कसली. मुकादम कुरकुरला, पण दोन बायकांचा कोयता लागला. दीपालीनं ऊस तोडायचा, म्हातारीनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. माघाच्या थंडीत दीपालीचा उजवा पाय दुखू लागला. आधी लंगडली, मग वाकता येईना, मग एक दिवस सरीतच खाली बसली ती तिला चौघींनी उचलून आणली.

बीडला मोठ्या डॉक्टरनं फोटो काढले. त्यानं सांगितलं, की कोरोनात दिलेल्या कडक इंजेक्शनांनी कधीकधी असं होतं. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलाय, हाड मरत चाललंय. सांधा बदलला तर पोरगी चालेल, नाही बदलला तर कायमची जागेवर बसेल. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. पण आधीच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधं आणि तरण्या माणसाला टिकेल अशा सांध्याची वरची किंमत, हे ज्याचं त्यानं भरायचं होतं. एक म्हैस तपासण्यांतच गेली. दुसरी विकली तर खायचं काय, हा प्रश्न.

तिथंच कुणीतरी वहिनीला सांगितलं, की कोरोनात गेलेल्यांच्या वारसाला सरकार मदत देतं. तेवढ्या पैशात दीपालीच्या पायाचा खर्च भागत होता. वहिनीनं अर्ज केला. अर्ज परत आला, कारण मयताचा दाखला म्हणत होता अटॅक.

कोरोनाचा कागद मिळवायला वहिनी त्या मंगल कार्यालयात गेली, तर तिथं लग्न चालू. दारातल्या पोरीनं हिच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि कुणीतरी वऱ्हाडी समजून पंगतीला बसवलं. अभिमन्यूची खाट जिथं होती तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या होत्या, असं ती सांगत होती. जिलेबी वाढली तशी ती उठली. आचाऱ्याकडून त्या डॉक्टरचा पत्ता काढला आणि त्याला बीडमध्ये शोधला. माणूस भला निघाला. जुनी नोंद हुडकून त्यानं लिहून दिलं. पण एका कागदावर कोरोना आणि दुसऱ्यावर अटॅक, म्हणून तहसिलातल्या साहेबांनी ठरवलं, की तलाठ्यानं गावात जाऊन विचारावं.

गावात विचारणार, हे ऐकल्यावर वहिनी घाबरली. दीपाली भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. मला पाय नगं. वत्सलाकाकूला काय सांगनार तुमी?"

आता आमची अक्कल बघा. गावात कशी कोण जाणे आवई उठली, की वहिनीनं कोरोना लपवला अशी कुणीतरी तक्रार केली आणि तिच्यावर केस होणार. झालं! सगळं गाव पेटून उठलं. बाभळीच्या फांद्या लावणारे आम्हीच, पण आता आमच्या म्हातारीच्या पाठीशी उभे राहायला निघालो. मारुतीच्या पारावर तलाठी भाऊसाहेब वही घेऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "अभिमन्यू कशानं गेला?"

"अटॅकनं," मी सगळ्यांच्या आधी, चांगला खडा आवाज लावून म्हणालो.

"अटॅकच व्हता सायेब. छातीला हात लावून पडला," दुसरा म्हणाला. तो त्या दिवशी गावातच नव्हता.

"कोरोनाचं नाव बी काढू नगा. आमच्या कौशल्यामावशीला कावून तरास देता?"

भाऊसाहेब एकेक जबाब लिहीत गेले. वहिनी पाराच्या खाली उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चालला, आणि मी मूर्ख तिला डोळ्यांनी धीर देत होतो, की काळजी करू नका, आम्ही आहोत. आमच्या प्रत्येक जबाबानं दीपालीचा पाय हातातून जातोय हे एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी भाऊसाहेबांनी वहीचं पान उलटलं आणि म्हणाले, "मग कोरोना नव्हताच म्हणायचा."

"व्हता," वहिनी म्हणाली.

आम्हाला वाटलं, म्हातारी गोंधळली. मी म्हणालो, "वहिनी, तुमी गप बसा."

"तुमीच गप बसा भाऊ. माझ्या लेकराला कोरोना व्हता. म्या रिपोट जाळला. बद्रीनाथाच्या दारात काट्या बघितल्या, आन् भ्याले. मयतीला कुनी येनार न्हाई, दूध कुनी घेनार न्हाई म्हनून भ्याले. समद्या गावाला खोटं बोलले."

बद्रीनाथ मागं उभा होता. "म्हंजी काट्या निस्त्या आमालाच," तो म्हणाला आणि निघून गेला.

पण वहिनीचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ती वत्सलाबाईकडं बघत होती. वत्सलाबाई बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसलेली. मैत्रिणीच्या बाजूनं जबाब द्यायला तीही आली होती. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. तानाजीचे ओले हात मला दिसले, आणि मला खात्री आहे तिलाही तेच दिसत होते. मला वहिनीचा त्या क्षणी भयंकर राग आला. लगेच तिची कीवही आली.

भाऊसाहेब कोंडीत सापडले. एका बाजूला सगळं गाव, दुसऱ्या बाजूला एकटी आई, तीही मदत मागणारी. ते म्हणाले, "आजी, नुसत्या तुमच्या म्हणण्यावर कसं लिहू? तुमचाच फायदा आहे त्यात. घरच्या बाहेरचं कुणी सांगणारं आहे का?"

वत्सलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पारापाशी आली. वहिनीच्या अगदी जवळून गेली, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

"लिवा भाऊसायेब," ती म्हणाली. "कोरोनाच व्हता. माझ्या मालकानं त्येला आंगूळ घातली. मंग मालकाला ताप आला. भाकरीची चव कळंना, वास येईना, दम पुरंना. आमच्या घरातलं कुनी गावाभाईर गेलतं न्हाई. मंग आमच्यात कुठून आला? तितूनच आला. लिवा."

तिनं अंगठा दिला. शाई पदराला पुसली. भाऊसाहेबांनी जरा थांबून विचारलं, "तुमच्या मालकांची तपासणी झाली होती का? दवाखान्याचा काही कागद?"

"न्हाई."

"मग तुमचा अर्ज नाही व्हायचा, आजी."

"म्या कुठं मागितलाय?" वत्सलाबाई म्हणाली आणि घराकडं चालू लागली.

मग आम्ही सगळ्यांनी जबाब बदलून दिले. माझ्या जबाबावर भाऊसाहेबांनी काट मारली तेव्हा ते माझ्याकडं बघून हसले, आणि मला ते फार लागलं. मदत मंजूर व्हायला पावसाळा उजाडला, पण झाली. दीपालीचं ऑपरेशन झालं. आधी वॉकर, मग काठी, मग काठीशिवाय ती अंगणात चालली. फड आता तिच्या नशिबात नाही, पण डेअरीपर्यंत दुधाची किटली घेऊन जाते. वत्सलाबाई तिच्याशी बोलते, तिच्या पायाला तेल लावून देते. वहिनी अंगणात आली की उठून जाते.

ऑपरेशनमधून उरलेले थोडे पैसे घेऊन वहिनी एका सकाळी वत्सलाबाईच्या दारात गेली. मी दळणाचा डबा पोचवायला तिथंच आलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर झालं. वहिनीनं रुमालाची पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवली. वत्सलाबाई तांदूळ निवडत होती.

"उचल ते. दीपालीच्या पायाचे हायती. तिला आनिक औषिध लागंल."

"वत्सला, मला मार. शिव्या दे. पर काय तरी बोल."

"काय बोलू?"

"गाव वाळीत टाकंल म्हनून भ्याले गं. तुला ठावं हाय गाव कसं हाय."

वत्सलाबाईनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती अगदी हळू बोलली, तिच्या मनात किती दिवस घोळत होतं कुणास ठाऊक.

"गावाला नसतं सांगितलं म्या. गावाला कळूच दिलं नसतं, तुज्यासंगं खोटं बोलले असते. मला एकलीला सांगायचं व्हतंस. मालकाला निस्तं म्हनले असते, लांब ऱ्हावा."

वहिनी तिथंच उंबऱ्याबाहेर खाली बसली. मी डबा ठेवून निघालो, तोवर वत्सलाबाईनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले होते.